प्रस्तावना : उन्हाचे राजकारण, वाऱ्याचे अर्थकारण

२०११-१२ या आर्थिक वर्षात भारतात तीन हजार मेगावॅटहून अधिक क्षमतेच्या पवनचक्क्या उभ्या राहिल्या. पुढच्याच वर्षी ही भर जवळजवळ निम्म्यावर आली. वारा तोच होता, डोंगर तेच होते, यंत्रे बनवणारे कारखानेही तेच होते. बदलल्या होत्या त्या सरकारी सवलती. पवनचक्की घेणाऱ्याला पहिल्याच वर्षी तिच्या किमतीच्या ८० टक्क्यांपर्यंत रक्कम घसारा म्हणून नफ्यातून वजा करता येत असे. १ एप्रिल २०१२ पासून ते थांबले. त्याच सुमारास, निर्माण झालेल्या विजेवर युनिटमागे ५० पैसे देणारी योजनाही खंडित झाली. पुढच्या दोन वर्षांत दोन्ही परत आल्या आणि त्यांच्या मागोमाग गुंतवणूकदारही परतले. २०१७ मध्ये घसारा ४० टक्क्यांवर आला, युनिटमागचे अनुदान संपले आणि दर ठरवण्यासाठी लिलाव सुरू झाले. २०१६-१७ मध्ये साडेपाच हजार मेगावॅटच्या आसपास पोचलेली वार्षिक भर त्यानंतरच्या वर्षी दोन हजारांच्याही खाली घसरली.

हे पुस्तक अशा चढउतारांविषयी आहे. सौर आणि पवनऊर्जेबद्दल मराठीत बरेच लिहिले जाते. त्यातले काही लेखन तंत्रज्ञानाचे असते : सौर पॅनेल कसे स्वस्त झाले, बॅटरी कुठवर आली. काही कर्तव्याचे असते : तापमानवाढ रोखायची तर कोळसा सोडला पाहिजे. दोन्ही खरे आहे. पण कुठल्या जिल्ह्यात, कुठल्या वर्षी, कोणाच्या जमिनीवर आणि कोणाच्या पैशाने हे प्रकल्प उभे राहिले, आणि बाकीच्या ठिकाणी का राहिले नाहीत, याचे उत्तर त्यांत सापडत नाही. ते उत्तर दरपत्रकात, करसवलतीत, निवडणुकीच्या वेळापत्रकात आणि सातबाऱ्यावर सापडते. कोणाचे बिल हलके होते, कोणाचे जड होते आणि जमीन कोणाची जाते, या तीन प्रश्नांच्या उत्तरांवर नवीकरणीय ऊर्जेची वाट ठरते, असे माझे म्हणणे आहे. पुढची सगळी प्रकरणे त्याचा पुरावा म्हणून वाचावीत.

महाराष्ट्र त्यासाठी निवडला तो केवळ घरचा म्हणून नव्हे. विजेचा करार हा राजकारणाचा विषय असतो, हे या राज्याने फार लवकर आणि फार महाग किंमत देऊन शिकून घेतले आहे. दाभोळच्या एन्रॉन प्रकल्पाचा करार १९९३ मध्ये झाला, १९९५ मध्ये नव्या सरकारने तो रद्द केला, मग वाटाघाटी होऊन तो पुन्हा जिवंत झाला, १९९९ मध्ये वीज सुरू झाली आणि २००१ मध्ये तिचा दर न परवडल्याने राज्य वीज मंडळाने खरेदी थांबवली. त्या वादात पुण्याच्या प्रयास संस्थेतल्या गिरीश संत आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी कराराची कलमे आणि आकडे उलगडून दाखवले. वीजखरेदीचा करार सामान्य नागरिकाला वाचता येतो, आणि त्याने तो वाचलाच पाहिजे, ही परंपरा तिथून सुरू झाली. हे पुस्तक त्या परंपरेचे ऋणी आहे.

१

पहिला भाग साताऱ्याचा आहे. सातारा शहरातून ठोसेघरच्या वाटेने चाळकेवाडीच्या पठारावर गेले की पवनचक्क्यांच्या रांगा लागतात. वनकुसवड्याचे पठारही याच परिसरात, पाटण तालुक्यात. नव्वदच्या दशकाच्या अखेरीस आणि त्यानंतरच्या काही वर्षांत इथे शेकडो यंत्रे उभी राहिली. सुझलॉन कंपनीचा उदय याच काळातला. तिचे संस्थापक तुलसी तांती सुरतेत कापडाच्या धंद्यात होते. कारखान्याचे वीजबिल डोईजड झाले म्हणून त्यांनी पवनचक्क्या घेतल्या आणि १९९५ मध्ये त्या बनवण्याची कंपनीच काढली. पुढे तिचे मुख्यालय पुण्यात आले.

या वाढीमागे तीन कागद होते. केंद्राची घसाऱ्याची सवलत हा पहिला. १९९८ च्या धोरणात राज्याने दिलेली विक्रीकरातली सूट हा दुसरा. तिसरा कागद राज्य वीज नियामक आयोगाचा, २००३ चा. त्यात पवनविजेला पहिल्या वर्षी युनिटमागे ३ रुपये ५० पैसे, दर वर्षी त्यात १५ पैशांची वाढ आणि १३ वर्षांची हमी होती. ज्यांचा विजेशी काडीचा संबंध नव्हता, पण ज्यांच्याकडे करपात्र नफा होता, अशा कंपन्यांनी आणि धनिकांनी पठारावर यंत्रे विकत घेतली. यंत्र उभारणारी कंपनीच जागा मिळवून द्यायची, देखभाल करायची. मालकाने फक्त पैसे गुंतवायचे आणि कर वाचवायचा.

हे वाईट झाले असे मी म्हणत नाही. त्या सवलतींशिवाय देशात पवनचक्क्यांचा उद्योग उभाच राहिला नसता. पण सवलत कशाला दिली, याची खूण पठारावर आजही दिसते. जुन्या यंत्रांपैकी कित्येक लोखंडी जाळीच्या मनोऱ्यांवर बसवलेली आहेत, आणि त्यांची क्षमता काही शे किलोवॅट. आज उभी राहणारी एक पवनचक्की तीन मेगावॅटची असू शकते. जुन्या आठ-नऊ यंत्रांइतकी क्षमता तिच्या एकटीत असते. तरीही राज्यातला उत्तम वारा अजून जुन्या, बुटक्या यंत्रांच्याच ताब्यात आहे. एका रांगेतल्या दहा यंत्रांचे दहा मालक, प्रत्येकाचा करार वेगळा, जमिनीचा तुकडा वेगळा. करसवलत पहिल्याच वर्षी पदरात पडलेली असल्याने यंत्र बदलण्याची घाई कोणालाच नाही. जुनी यंत्रे काढून नवी बसवण्याचे केंद्राचे धोरण २०१६ मध्ये आले, २०२३ मध्ये सुधारले गेले, तरी पठाराचे चित्र फारसे हललेले नाही. करसवलत यंत्र उभे करण्याला होती, वीज निर्माण करण्याला नव्हती. म्हणून यंत्रे उभी राहिली आणि विजेचा प्रश्न मागे पडला.

असेच एक चित्र त्याआधी अमेरिकेतल्या कॅलिफोर्नियात उमटले होते. १९८० च्या दशकाच्या सुरुवातीला तिथे करसवलतींच्या बळावर पवनचक्क्यांची धाव सुरू झाली आणि दशकाच्या मध्यावर सवलती संपताच ओसरली. डेन्मार्कने त्याच काळात दुसरी वाट धरली. तिथे गावकऱ्यांनी भागभांडवल जमवून यंत्रे घेतली. कोपनहेगनच्या किनाऱ्याजवळ मिडलग्रुंडेन येथे २००१ मध्ये सुरू झालेल्या २० पवनचक्क्यांपैकी १० एका सहकारी संस्थेच्या आहेत आणि तिचे आठ हजारांहून अधिक सभासद आहेत. आपल्या भागभांडवलाने घेतलेले यंत्र बंद पडले तर त्याची चौकशी गावातच होते. सहकाराचे माहेरघर म्हणवणाऱ्या महाराष्ट्राने पवनऊर्जेत ही वाट का धरली नाही, हा प्रश्न या भागात मी मुद्दाम लांबवला आहे. त्याच्या उत्तराचा एक धागा अहिल्यानगर जिल्ह्यात सापडतो. श्रीरामपूर परिसरातल्या मुळा-प्रवरा वीज सहकारी संस्थेने सुमारे चार दशके वीज वाटली. थकबाकीच्या आणि राजकारणाच्या ओझ्याखाली ती वाकत गेली आणि २०११ मध्ये तिचे क्षेत्र महावितरण या सरकारी वीज वितरण कंपनीकडे गेले. सहकारात सभासद मालक असतो. पण त्याच सभासदाकडून बिल वसूल करायला नेतृत्व कचरू लागले की संस्थेचे काय होते, हे तिथे दिसले.

२

दुसरा भाग शेतीपंपांचा आहे आणि तो सगळ्यात मोठा आहे, कारण महाराष्ट्राच्या विजेचे राजकारण शेवटी शेतीपंपाच्या स्टार्टरपाशी येऊन थांबते.

सत्तरच्या दशकात राज्याने शेतीपंपांना हॉर्सपॉवरप्रमाणे ठोक दराने बिल द्यायला सुरुवात केली. मीटर नसले की किती वीज शेतीत गेली आणि किती चोरी-गळतीत, हे कोणाला सांगता येत नाही. अंदाज लिहिले जातात. आयोगाने नेमलेल्या गटाने काही वर्षांपूर्वी तपासणी केली, तेव्हा शेतीच्या खात्यावर दाखवला जाणारा वापर फुगवलेला असल्याचे पुढे आले. अशी ही पद्धत सगळ्यांच्या सोयीची होती. वीज कंपनीला गळती झाकता येई, पुढाऱ्याला बिलमाफीची घोषणा करता येई, आणि शेतकऱ्याला बिल भरले नाही तरी लगेच लाइट तुटेल अशी भीती नसे. २००४ च्या विधानसभा निवडणुकीआधी सुशीलकुमार शिंदे यांच्या सरकारने शेतीला मोफत वीज जाहीर केली. निवडणूक झाली आणि पुढच्या वर्षी ती मागे घेतली गेली. थकबाकी साचत साचत पन्नास हजार कोटींच्या पुढे गेली. २०२४ च्या विधानसभा निवडणुकीआधी मुख्यमंत्री बळीराजा मोफत वीज योजना आली : साडेसात हॉर्सपॉवरपर्यंतच्या पंपांना, म्हणजे सुमारे ४४ लाख शेतकऱ्यांना, २०२९ पर्यंत वीज मोफत.

या हिशेबात शेतकऱ्याच्या हाती प्रत्यक्ष काय येत होते, ते जवळून पाहिले पाहिजे. एका आठवड्यात दिवसा वीज, पुढच्या आठवड्यात रात्री. रात्रीच्या पाळीत थ्री फेज आली की अंथरुणातून उठून बॅटरीच्या उजेडात विहिरीवर जायचे, मोटर सुरू करायची आणि थंडीत, चिखलात उभे राहून दारे धरायची. साप, विंचू आणि आता कित्येक तालुक्यांत बिबट्या. सगळे पंप एकदम सुरू झाले की डीपीवर, म्हणजे ट्रान्सफॉर्मरवर, लोड येतो. ती जळाली की दुसरी मिळेपर्यंत वायरमन आणि सबस्टेशनच्या वाऱ्या. तोवर पीक सुकते. फुकट मिळणाऱ्या विजेची किंमत शेतकऱ्याच्या घरातली माणसे झोपेने आणि कधी जिवाने मोजत होती. २०२२ मध्ये कोल्हापुरात शेतकरी नेते राजू शेट्टी यांच्या नेतृत्वाखाली शेतकरी महावितरणच्या दारात धरणे धरून बसले, तेव्हा त्यांची मुख्य मागणी माफीची नव्हती. दिवसा वीज द्या, ही होती.

मुख्यमंत्री सौर कृषी वाहिनी योजना या मागणीला येऊन भिडली. २०१७ मध्ये ती जाहीर झाली तेव्हा सुरुवातीच्या प्रकल्पांसाठी राळेगणसिद्धीची निवड झाली होती. कल्पना सोपी आहे. गावाचा शेतीचा फिडर, म्हणजे वीजवाहिनी, घरगुती फिडरपासून वेगळा करायचा, सबस्टेशनच्या जवळ काही मेगावॅटचा सौर प्रकल्प उभा करायचा आणि त्याची वीज थेट त्या फिडरवर सोडायची. ऊन दिवसा, म्हणून वीजही दिवसा. शेतकऱ्याने पंप बदलायचा नाही, छपरावर काही बसवायचे नाही. प्रयासच्या अभ्यासकांनी या मार्गाचा पुरस्कार सातत्याने केला होता. पहिली काही वर्षे योजना रेंगाळली. २०२३ मध्ये दुसरा टप्पा आला : जमिनीला हेक्टरी सव्वा लाख रुपये वार्षिक भाडे आणि त्यात दरवर्षी वाढ, ग्रामपंचायतींना प्रोत्साहन अनुदान, सरकारी जमिनींची यादी तयार. वर्षभरात सुमारे नऊ हजार मेगावॅटची कंत्राटे निघाली. प्रत्यक्ष उभारणी वेळापत्रकामागे राहिली, तरी इतक्या झपाट्याने हललेली दुसरी ऊर्जा योजना राज्यात आठवत नाही.

ती हलली याचे कारण तिच्यात एकाच वेळी अनेकांचे हित जुळले. महावितरणला शेतीला एक युनिट पोचवायला आठ रुपयांच्या वर खर्च येत असे. इथे वीज तीन रुपयांच्या आसपास मिळू लागली. सरकारला अनुदानाचा बोजा कमी होण्याची आशा दिसली. शेतीचा तोटा भरून काढण्यासाठी उद्योगांवर लादल्या जाणाऱ्या चढ्या दरात उतार पडण्याची शक्यता निर्माण झाली. शेतकऱ्याला रात्रीच्या पाळीतून सुटका दिसली आणि सत्ताधाऱ्यांना गावागावांत दाखवता येईल असे काम. कोणाच्याही मनातला पर्यावरणाचा कळवळा वाढला म्हणून हे झाले नाही. हितसंबंध नीट बांधले तर हवामानाचे कामही त्यांच्याच बळावर पुढे सरकते, हा या पुस्तकातला सगळ्यात आशादायक धडा आहे.

त्याच्या सावलीत दोन गोष्टी आहेत. पहिली पाण्याची : वीज दिवसा, भरवशाची आणि फुकट झाली की विहिरीच्या तळाचे पाणी कोण राखणार, याचे उत्तर ऊर्जा खात्याकडे नाही. दुसरी जमिनीची, तिच्याकडे आता वळतो.

३

तिसरा भाग जमिनीचा. कोळशाच्या वीज केंद्राला एका जागी काहीशे हेक्टर लागतात. सौर प्रकल्पाला मेगावॅटमागे चार ते पाच एकर लागतात, आणि तेही गावोगाव विखुरलेले. त्यामुळे जमिनीचा प्रश्न एका प्रकल्पग्रस्त तालुक्यापुरता राहत नाही, तो शेकडो ग्रामसभांत पोचतो. सौर कृषी वाहिनीसाठी सरकारी जमीन शोधताना गायरानांचा नंबर आधी लागला. सरकारी नोंदीत गायरान ही रिकामी जागा असते. गावात ती रिकामी नसते. तिथे जनावरे चरतात, आणि मराठवाड्यात भूमिहीन, बहुतांशी दलित कुटुंबे पिढ्यानपिढ्या ती कसत आलेली आहेत. ज्याच्या नावावर सातबारा आहे तो भाडे घेतो. ज्याचे पोट त्या जमिनीवर आहे पण नाव नाही, त्याला अतिक्रमणाची नोटीस मिळते. दिवसा वीज मिळावी ही शेतकऱ्याची मागणी न्याय्य आहे. तिची किंमत मात्र ज्याच्याकडे शेतच नाही त्याने मोजावी, हे मला मान्य नाही, आणि हे पुस्तक त्याबाबत तटस्थ राहत नाही.

पवनऊर्जेच्या पैशाने ग्रामीण सत्ता कशी नासते, याचे भीषण उदाहरण बीड जिल्ह्याने दाखवले. डिसेंबर २०२४ मध्ये केज तालुक्यातल्या मस्साजोगच्या सरपंचांची अमानुष हत्या झाली. पवनऊर्जा प्रकल्प उभारणाऱ्या कंपनीकडे मागितलेल्या दोन कोटींच्या खंडणीशी या हत्येचा संबंध असल्याचे तपास यंत्रणेने आरोपपत्रात म्हटले. या प्रकरणावरून उठलेल्या वादात मार्च २०२५ मध्ये राज्याच्या एका मंत्र्याला राजीनामा द्यावा लागला. खटल्याचा निकाल न्यायालय देईल. पण त्याआधीच दिसणारी गोष्ट अशी : दुष्काळी जिल्ह्यात अचानक शेकडो कोटींची गुंतवणूक येते, तेव्हा जमिनीचे व्यवहार, वाहतूक, खडी-मुरूम, पहारेकरी, मजूर या प्रत्येक टप्प्यावर स्थानिक दादागिरीला कमाईची जागा मिळते. वीज स्वच्छ असली म्हणून तिच्याभोवतीचा पैसा आपोआप स्वच्छ होत नाही. ऊर्जा विभागाची कागदपत्रे मेगावॅट मोजतात. या व्यवहारांची मोजदाद कोणी करत नाही.

४

चौथा भाग शहरांचा आणि कारखान्यांचा. इथे हितसंबंध जुळत नाहीत, ते समोरासमोर येतात.

घराच्या गच्चीवर सौर पॅनेल बसवले, दिवसा तयार झालेली जादा वीज ग्रीडमध्ये सोडली आणि रात्री तेवढी परत घेतली, तर बिल उरलेल्या वापरापुरतेच यावे, ही नेट मीटरिंगची साधी पद्धत. महावितरणला ती जड जाते, आणि तिची बाजू खोटी नाही. गच्चीवर पॅनेल बसवणारा बहुधा जास्त वीज वापरणारा, वरच्या स्लॅबमधला ग्राहक असतो. तो निघून गेला की खांब-तारांचा खर्च आणि शेती-झोपडीच्या सवलतीचा भार मागे राहिलेल्यांवर पडतो. २०१९ मध्ये आयोगाच्या मसुद्यात नेट मीटरिंगवर महिना ३०० युनिटांची मर्यादा सुचवली गेली. ग्राहक आणि पॅनेल बसवणाऱ्या लहान उद्योजकांनी कडाडून विरोध केला. डिसेंबरमध्ये अंतिम नियम आले तेव्हा नेट मीटरिंग टिकले होते, आणि ग्रीड वापराचे वेगळे शुल्क राज्यातली गच्चीवरची क्षमता ५,००० मेगावॅट होईपर्यंत लावायचे नाही असे ठरले होते. हरकती-सूचनांच्या साध्या प्रक्रियेतून नागरिकांनी मिळवलेला हा विजय होता. केंद्रातही असेच हेलकावे दिसतात. डिसेंबर २०२० च्या नियमांनी नेट मीटरिंग १० किलोवॅटपर्यंत आखडले, सहा महिन्यांत ती मर्यादा ५०० किलोवॅट झाली, आणि २०२४ मध्ये पीएम सूर्यघर योजनेतून त्याच गच्चीसाठी ७८,००० रुपयांपर्यंत अनुदान मिळू लागले.

कारखान्यांची गोष्ट याहून मोठ्या पैशाची. शेती आणि गरीब घरांना स्वस्त वीज द्यायची म्हणून उद्योगांना महाग वीज विकली जाते. २००३ च्या वीज कायद्याने मोठ्या ग्राहकाला हवी तिथून वीज घेण्याची मुभा दिली, पण बाहेर पडणाऱ्यावर अधिभार ठेवला. त्यातून सुटण्याची एक वाट नियमांतच आहे : प्रकल्पात २६ टक्के भागभांडवल घ्या, त्यातली ५१ टक्के वीज स्वतः वापरा, तर तो प्रकल्प तुमचा स्वतःचा मानला जाईल आणि अधिभार लागणार नाही. पुणे-नाशिकच्या कारखान्यांसाठी सोलापूर-धाराशिवच्या माळरानांवर उभ्या राहणाऱ्या प्रकल्पांमागे हे गणित आहे. उद्योगाचा दर जितका चढा, तितकी बाहेर पडण्याची ओढ मोठी. जितके जास्त उद्योग बाहेर, तितकी महावितरणची तूट मोठी. सौरऊर्जा वाढते आणि ज्या व्यवस्थेतून गरिबाच्या विजेचा खर्च निघतो ती पोखरली जाते, हे दोन्ही एकाच वेळी घडते आहे. त्यावर उपाय उद्योगांना अडवण्याचा नाही. शेती आणि गरिबांची सवलत उद्योगांच्या बिलात लपवण्याऐवजी अर्थसंकल्पात उघडपणे मांडण्याचा आहे. तसे झाले तर तिच्यावर विधानसभेत चर्चा होईल. आज ती बिलातल्या बारीक अक्षरांत होते.

५

शेवटचा भाग कोळशाचा आणि केंद्राच्या धोरणाचा. जून २०२५ मध्ये देशाच्या एकूण वीजनिर्मिती क्षमतेपैकी निम्मी क्षमता जीवाश्म इंधनाविना चालणारी झाली, ही अभिमानाची गोष्ट आहे. पण प्रत्यक्ष तयार होणाऱ्या विजेत कोळशाचा वाटा सत्तर टक्क्यांच्या आसपासच आहे, आणि त्याचे कारण केवळ सूर्य मावळतो एवढे नाही. कोळशावर १४ टक्के स्वामित्वधन राज्याला मिळते. जिल्हा खनिज प्रतिष्ठानात पैसा जमा होतो. कोळशाच्या वाहतुकीतून रेल्वेला मिळणारे उत्पन्न प्रवाशांची तिकिटे स्वस्त ठेवते. उन्हावर असे काहीच मिळत नाही. चंद्रपूरच्या २,९२० मेगावॅटच्या महाऔष्णिक केंद्राभोवती कायम आणि कंत्राटी कामगार, ट्रकमालक, राख उचलणारे, दुकानदार असे एक शहरच जगते. त्याच शहराची फुप्फुसे धूर आणि राख खातात. तितक्याच क्षमतेचे सौर प्रकल्प उभे राहिले, तरी चालवायला माणसे थोडीच लागतात, आणि ते प्रकल्प चंद्रपुरात उभे राहतीलच असेही नाही. चंद्रपूरच्या कामगाराला पुढे काय, हे आज सांगितले नाही, तर उद्या तोच कोळशाचा सर्वांत कडवा पाठीराखा होईल आणि त्याला दोष देता येणार नाही.

कोळशातून आलेला पैसा स्वच्छ ऊर्जेकडे वळवण्याचा एक चांगला प्रयत्न देशाने केला होता. २०१० मध्ये कोळशावर टनामागे ५० रुपये उपकर बसला आणि त्यातून स्वच्छ ऊर्जेसाठी निधी उभारायचे ठरले. २०१६ पर्यंत उपकर ४०० रुपयांवर गेला. २०१७ मध्ये वस्तू व सेवा कर आला आणि हा पैसा राज्यांची महसुली तूट भरून देण्याच्या खात्यात गेला. ज्या कामासाठी लोकांनी विजेच्या दरातून तो सोसला, ते काम मागे राहिले.

पॅनेलच्या बाबतीतही दोन भारतीय हितसंबंध झगडत आले आहेत : पॅनेल बनवणारे आणि पॅनेल बसवणारे. जगातल्या पॅनेल उत्पादनाच्या प्रत्येक टप्प्यावर चीनचा वाटा ८० टक्क्यांहून अधिक आहे. देशी पॅनेल वापरण्याच्या भारताच्या अटीविरुद्ध अमेरिका जागतिक व्यापार संघटनेत गेली आणि २०१६ मध्ये निकाल भारताच्या विरोधात लागला. पुढे एप्रिल २०२२ पासून आयात पॅनेलवर ४० टक्के आणि सेलवर २५ टक्के शुल्क बसले, देशी कारखान्यांसाठी हजारो कोटींची उत्पादनाशी निगडित योजना आली. कारखाने उभे राहिले. तेवढ्या काळापुरती गच्ची महाग झाली. आत्मनिर्भरतेची किंमत कोणी आणि किती काळ मोजायची, हा प्रश्न देशभक्तीच्या घोषणेने मिटत नाही. तो हिशेबानेच सोडवावा लागतो. करार पाळण्याबाबतही तेच. २०१९ मध्ये आंध्र प्रदेशच्या नव्या सरकारने आधीच्या सरकारचे सौर-पवन करार महाग ठरवून ते पुन्हा उघडायला घेतले. उच्च न्यायालयाने २०२२ मध्ये करार कायम ठेवले, पण मधल्या काळात देशभरच्या गुंतवणूकदारांना समजायचे ते समजले : सरकार बदलले की करार डळमळू शकतो, तेव्हा तो धोका दरातच धरावा. तो वाढीव दर अखेर ग्राहकच भरतो.

*

या पुस्तकात काय नाही, तेही सांगितले पाहिजे. जलविद्युत आणि अणुऊर्जा यांना इथे जागा नाही. कोयना आणि जैतापूर यांना स्वतंत्र पुस्तके लागतील. साखर कारखान्यांच्या सहवीजनिर्मितीचा उल्लेख ओघात येतो, त्याचा पूर्ण इतिहास येत नाही. तंत्रज्ञान समजावून सांगण्यावर मी फार पाने खर्च केलेली नाहीत. जिथे मत आहे तिथे ते मत म्हणून मांडले आहे, आणि कंपनी, शेतकरी, सरकार, कामगार यांतल्या प्रत्येकाचा स्वार्थ त्याच्या बाजूने समजून घेण्याचा प्रयत्न केला आहे. स्वार्थ हा इथे शिवी म्हणून वापरलेला नाही. राजकारण बाजूला ठेवून ऊर्जेचे निर्णय तज्ज्ञांवर सोपवा, असे सांगणाऱ्यांशी माझे मतभेद आहेत. साताऱ्याच्या सवलतीही तज्ज्ञांच्याच सल्ल्याने आल्या होत्या. राजकारणाविना सौर कृषी वाहिनी हललीच नसती. राजकारण असणारच, त्यात कोण बसलेले आहे आणि कोण नाही, हे पाहावे लागते.

आणि तिथेच वाचकाकडे माझे मागणे आहे. राज्य वीज नियामक आयोगापुढे महावितरणची दरवाढीची याचिका येते, तेव्हा कायद्याने तिच्यावर हरकती मागवल्या जातात आणि विभागवार जनसुनावणी होते. तिथे उद्योगांचे वकील फायली घेऊन हजर असतात, ग्राहक संघटनांचे मोजके कार्यकर्ते असतात, कंपनीचे अधिकारी असतात. गायरान कसणारी बाई नसते, चंद्रपूरचा कंत्राटी कामगार नसतो, रात्रपाळीचा शेतकरी क्वचित असतो. त्या दालनात जो बोलतो त्याचे म्हणणे आदेशात नोंदवले जाते; जो गैरहजर असतो त्याच्या वतीने दुसराच कोणी निर्णय घेतो. हे पुस्तक वाचून एखाद्या तालुक्यातल्या चार जणांनी पुढची याचिका मिळवून वाचली, आपल्या फिडरचा, आपल्या गायरानाचा, आपल्या बिलाचा प्रश्न लेखी मांडला आणि सुनावणीला जाऊन तो बोलून दाखवला, तर ही पाने लिहिण्याचे श्रम कारणी लागले असे मी समजेन.